पाचव्या दिवशी चढलेली कढई

माय, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुझ्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही. आज वाटतंय, तेही प्रेमानं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. तू होतीस तेव्हा तुझ्यापुढं तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच. आता तू उलटून बोलू शकत नाहीस, म्हणून मी मोठी शूर झालेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेलेल्याशी काय भांडती, जित्याचं बघ." जित्याचंच बघतेय, म्हणून तर लिहायला बसले. नातीची अर्धी कोरी राहिलेली वही सापडली, तिच्यात लिहितेय. बजाजनगरातली आपली खानावळ अजून तिथंच आहे, पत्रे जाऊन स्लॅब पडला एवढंच. गावाचं नाव बदललं. तू गेलीस तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. पाणी मात्र अजून आठवड्यानंच येतं, तेव्हा तुला फार चुकल्यासारखं वाटायचं नाही.

माझा नवरा गेला तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. कंपनी सुटल्यावर सायकलवर येत होता, नगर रोडला मालट्रकनं उडवलं. पोरगं तीन वर्षांचं. सासरच्या गावी, वैजापूरच्या पुढं, सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली आणि सासूनं अंगणात, चार बायकांच्या देखत, मला पांढऱ्या पायाची म्हटलं. तू ओसरीवर बसून ऐकत होतीस. उठलीस, नातवाला कडेवर घेतलंस, माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "पांढऱ्या पायाची हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या. माझी मी घिऊन जाते. दहाव्याला आनून सोडते." बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. असं कुणी करत नाही, माय. सुतकातल्या सुनेला तिसऱ्या दिवशी कुणी माहेरी उचलून नेत नाही. त्या घटकेला तू मला विहिरीत उडी मार म्हणाली असतीस तर मी मारली असती. एसटीत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. खिडकीच्या गजाला डोकं लावून बसले होते मी, आणि मला वाटत होतं, हिला बोलवत नाहीये, हिलाही माझ्याइतकंच लागलंय.

पाचवा दिवस रविवारचा निघाला. खानावळीत रविवारी फीस्ट. आठवडाभर पोळी-भाजी, वरण-भात खाऊन कंटाळलेली कंपनीतली पोरं त्या एका जेवणासाठी दुपारी बारापासून बाकड्यांवर येऊन बसायची. पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा, श्रीखंड. साठ पानं. मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेय. तू दारात येऊन उभी राहतेस. हाताला पीठ लागलेलं.

"ऊठ."

"माय, मला नाय होत."

"काय नाय होत? हात तुटले का? मेला त्यो. तू नाय मेली. ऊठ, कढई चढव."

दुःखाच्या घरात तेराव्याचं गोड होईपर्यंत कढई चढत नाही, तळणाचा वास घराबाहेर जाऊ देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारची म्हातारी मागच्या दारातून डोकावली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अगं, सुतकातल्या पोरीच्या हातनं तळन करती? काय रीतभात हाय का नाय तुला?" तू मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. "रीत पाळनारीच्या घरी साठ मानसं जेवत नसत्यात," म्हणालीस. मी उठले. पहिल्या दहा-बारा पुऱ्या फुगल्या नाहीत, तू त्या परातीतून उचलून माझ्या पुढ्यात टाकल्यास. "ह्या कुनाला घालायच्या? तुझ्या सासूला?" माझे डोळे गळत होते. तू माझ्या हनुवटीला धरून तोंड कढईवरून बाजूला फिरवलंस आणि म्हणालीस, "तिकडं तोंड करून रड. तेलात पानी पडलं तर भाजशील." त्या दिवशी मी अडीचशेच्या वर पुऱ्या तळल्या. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झाले होते आणि माझ्या केसांना, लुगड्याला तळणाचा वास येत होता.

दहाव्याला तू मला सासरी नेलंस आणि त्याच संध्याकाळी परत आणलंस. दुसऱ्या दिवशी पहाटे पोळपाट-लाटणं माझ्यासमोर ठेवलंस. लाटणं चांगलं जड, शिसवी, मधे वापरानं झिजलेलं. "हे आता तुझं," एवढंच म्हणालीस. तुझ्याकडून मला मिळालेली ती पहिली आणि शेवटची भेट. मी ते कपाळाला लावलं होतं, माय. माझ्या मूर्खपणाला तोड नाही.

पुढं बारा वर्षं आपण दोघी त्या ओट्याशी उभ्या राहिलो. लोक म्हणायचे, मायनं पोरगी उभी केली. मीही तेच म्हणायला लागले. नंतर नंतर तर मला त्याची चटकच लागली. गल्लीत कुणाचा नवरा गेला, कुणाचं लेकरू गेलं, की मला बोलावणं यायचं आणि मी जाऊन ही पाचव्या दिवसाची गोष्ट सांगायची. एका बचत गटानं तर 'दुःखातून उभं राहताना' असा कार्यक्रम ठेवून मला माईकवर बोलायला लावलं. शाल, नारळ, सगळं. मी सांगितलं, मायेनं माणूस बसतं, टोचलं की उठतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत एक पोरगी होती, सहा महिन्यांचं मूल गेलेली, ती टाळ्या न वाजवता माझ्याकडं नुसती बघत होती. मला तिचा राग आला होता. म्हटलं, हिला उठायचंच नाहीये.

मग दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. तुझा नातू. चौतीस वर्षांचा. कंपनीत मशीनपाशी उभ्या उभ्या छातीला हात लावला आणि खाली बसला, तो उठलाच नाही. मी इथं, ह्याच ओट्याशी होते. सांगायला आलेल्या माणसाला मी विचारलं, जेवला होता का? एवढंच विचारलं मी. नंतर मोबाईलवर माणसं दिव्याची चित्रं आणि खाली सुविचार पाठवायला लागली, धीर धरा, देव परीक्षा पाहतो. देवाला दुसरा उद्योग नसल्यासारखं. मी एकही वाचलं नाही. मला धीराची गरज नव्हती, मी तर धीराची मास्तरीण. मला काळजी होती ती सुनेची. अठ्ठावीस वर्षांची, पाच वर्षांची पोर पदरात, स्वतः कंपनीत नोकरी करणारी, पण कोमट पाण्यानंही वितळेल अशी मऊ. ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली. तीच खोली, माय. फक्त फरशी नवीन.

पाचव्या दिवशी रविवार नव्हता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. गुरुवार होता. मी रविवारपर्यंत थांबू शकत होते, किंवा काहीच न करता राहू शकत होते. मी गुरुवारी फीस्ट केली. दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "ऊठ. कढई चढव."

ती म्हणाली, "आई, आज नको ना."

"मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते."

तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. तेव्हा मी पुढचं बोलले. मी म्हणाले, "नवरा काय, दुसरा बी मिळतो. मला दुसरा लेक कुठनं मिळनार? तरी मी उभी हाय ना?" ती उठून बसली आणि माझ्याकडं असं पाहायला लागली की मी तिच्या ओळखीचीच नाही. मग शेगडीशी आली. सगळ्या पुऱ्या तिनं तळल्या. एकही टिपूस गाळलं नाही, एकही पुरी बिघडली नाही, आणि मी मनात म्हटलं, बघ, लागू पडतंय. शेवटची पुरी काढून तिनं गॅस बंद केला, हात धुतले, पोरीला कुशीत घेतलं आणि झोपली. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. कामावर जायची, यायची, पोरीचं करायची. केसाला फणी लावणं तिनं सोडून दिलं होतं.

तिच्याबरोबर लाईनीवर काम करणारी एक बाई होती, मागच्याच गल्लीत राहणारी. ती रोज संध्याकाळी यायला लागली. यायची, सुनेच्या मागं बसायची आणि केस विंचरून द्यायची. बोलायच्या नाहीत फारसं. कधी वाटीभर तेल घेऊन यायची. अर्धा अर्धा तास चालायचं ते. मला सहन व्हायचं नाही. एकदा भाजी निवडता निवडता मी बोललेच, "केस विंचरून नवरा परत येतो व्हय?" ती बाई हात न थांबवता म्हणाली, "नाय येत, मावशी. पन उवा तरी पडत न्हाईत." आणि माझी सून हसली. नवरा जाऊन दोन महिने व्हायचे होते आणि ती हसली. मी हातातली परात आपटली. म्हटलं, "माझा लेक जाऊन साठ दिवस नाय झाले आन् हितं हसनं चाललंय." पुढच्या रविवारी त्या बाईच्या शेजारची खोली घेऊन सून पोरीला घेऊन निघून गेली. जाताना पाया पडली. मी पाय मागं घेतले.

ती तिथं सावरली. मला गल्लीतून कळत होतं. पोरीला शाळेत सोडायला जाताना दिसायची, वेणी घातलेली, पोरीशी गप्पा मारत. मी तुझं औषध दिलं होतं आणि ती बरी झाली दुसरीकडच्या खोबरेल तेलानं, हे माझ्या पचनी पडेना. मी लोकांना सांगायचे, तिला दुःखच झालं नव्हतं. माझ्याशी भांडण नको म्हणून लोक माना डोलवायचे.

आणि गेल्या महिन्यात एक म्हातारी माझ्या दारात आली. काठी टेकत. मी ओळखलंच नाही. तिनं सांगितलं, तुझ्याकडं पोळ्या लाटायला होती ती, मी माहेरी यायच्या आधी. तू मला सांगितलं होतंस की ती काम सोडून पळाली. तिला माझ्या मुलाचं उशिरा कळलं होतं, भेटायला आली होती. रीतीप्रमाणं आधी थोडं रडली, मग चहा घेताना मागचं काढलं.

"तुझा नवरा गेला त्या वक्ताला मी नव्हते बघ. भावाचं लगीन होतं वेरूळला. धा दिसांची सुटी मागितली तर तुझी माय नायच म्हनली. मी गेले तशीच. लई वांधे झाले तिचे. साठ मानसांचं एकटीनं वढायचं म्हंजी काय खाऊ हाय का? मी परत आले तर म्हनली, आता तुझं काम नाय, पोरगी आनलीय."

"मला आनलं ते सासूनं बोल लावला म्हनून," मी म्हणाले.

म्हातारी बिचारी भोळी. तिला वाटलं, मला माहीतच असणार. "आता मेल्यावर काय बोलावं. पन तुझं कळलं त्याच दिशी ती गल्लीत सांगून गेलती म्हनं, की पोरीला घिऊनच येते, परक्या बाईपक्षा घरची बरी, पळून कुठं जानार ती. मला शेजारनीनं सांगितलं. माझं शिसवी लाटनं बी दिलं नाय तिनं. माझ्या आईचं होतं ते."

मी तिला अजून अर्धा कप चहा दिला. लाटणं धुऊन, पुसून, पिशवीत घालून तिच्या हातात दिलं. ती नको नको म्हणत होती, पण घेतलं. मग ती गेली आणि मी तिथंच उभी राहिले. तेहेतीस वर्षं मी जे औषध म्हणून डोळ्याला लावलं, ते औषध नव्हतंच. तुला हात कमी पडत होते. दहा दिवसांसाठी एक बाई लग्नाला गेली आणि त्यावर मी माझं आख्खं आयुष्य रचलं, भाषणं केली, शाली घेतल्या. तू मला उठवलं नव्हतंस, कामाला लावलं होतंस. आणि खरं सांगू, मी उठले तेही तुझ्यामुळं नाही, तुझ्यावरच्या रागानं. रोज पहाटे मी ठरवायचे, हिच्या आधी उठून कणीक मळून ठेवायची, म्हणजे हिला बोलायला जागा उरणार नाही. दुःख करायला वेळच राहिला नाही. लोकांनी त्याला हिंमत म्हटलं. एवढं असूनही माझ्या डोळ्यांसमोर तू येतेस ती साठ पानं मांडून, तीन शेगड्यांच्या मधे एकटी, आणि तुला दुसरा मार्ग नव्हता हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुनेच्या खोलीवर गेले. पहिली पाळी करून ती नुकतीच आली होती, कंपनीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. नात कोपऱ्यात चित्र रंगवत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. म्हातारी, वेरूळचं लग्न, हात कमी पडलेले, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग त्या दिवशी तुमच्याकडं बी हात कमी होते का?"

"नाय. दोन बाया होत्या."

"रविवार बी नव्हता."

"नव्हता."

तिनं बाही उलटी केली, तिच्यावर इस्त्री फिरवली. "मंग तुमच्या आईचं बरं," ती म्हणाली. "तिला गरज तरी होती."

माय, तू मला बारा वर्षांत जे बोललीस ते सगळं एका पारड्यात टाकलं तरी ह्या एका वाक्याएवढं भरणार नाही. आणि ते ती रागानंही बोलली नव्हती. मी म्हणाले, "चुकलं माझं. माफ कर मला." हे शब्द मी आयुष्यात कुणासमोर पहिल्यांदाच बोलले.

"नाय करनार," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू, आई? नाय जमनार मला. पन बसा. उभ्या कशाला?"

मी बसले. पलंगाच्या कडेवर, धुतलेल्या कपड्यांच्या शेजारी. नातीनं मान वर करून मला पाहिलं आणि परत रंगवायला लागली. चित्रात एक माणूस होता, चष्म्याचा, मशीनपाशी उभा. तिनं त्याला जांभळा शर्ट घातला होता. माझ्या मुलाकडं जांभळा शर्ट कधीच नव्हता, एवढंच माझ्या मनात आलं, आणि मग जे दोन वर्षांत झालं नव्हतं ते झालं. चांगलं रडणं नव्हतं ते. गुरासारखा आवाज येत होता. नात घाबरून आईजवळ सरकली. सुनेनं मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, गप्प राहा म्हणाली नाही. पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि पँटला इस्त्री करायला घेतली. मी बराच वेळ रडले. तिनं मला रडू दिलं.

आता मी दोन-तीन दिवसांनी जाते. तिनं मला माफ केलेलं नाही, दार उघडताना ते तिच्या तोंडावर दिसतं. तरी "बसा" म्हणते, आणि मी बसते. परवा मी नातीला पाढे म्हणायला लावले. चुकली तर ओरडले नाही, ओठ आवळून धरले. सून बघत होती. बरं वाटतं का असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण त्या खोलीतून निघताना पाय थोडे हलके असतात, एवढं खरं.

हे लिहून मी कुठं टाकणार? वही नातीला परत लागेल, ही पानं फाडून घेईन आणि बंबात घालीन. त्याआधी एक राहिलंय तेवढं सांगते. तुला अर्धांग झालं आणि तू त्या खाटेवर शेवटचे चार दिवस काढलेस. चौथ्या दिवशी तू माझा पदर धरलास. तोंड वाकडं झालं होतं, डॉक्टरलाही कळत नव्हतं तू काय बोलतेस. मला कळलं. तू म्हणालीस, "बस जरा." दोनदा म्हणालीस. मी म्हणाले, डब्यांची वेळ झाली, माय, आणि पदर सोडवून घेतला. पोरांचे डबे तासाभरापूर्वीच कंपनीत गेले होते. मी ओट्यापाशी जाऊन नुसती उभी राहिले, तुझा आवाज थांबेपर्यंत.